रेझिनचे सॅम्पल विमानाने पाठवायचे आहेत, 'नॉन-हॅझ' (धोकादायक नाही) लिहून दिलं तर चालेल का?

रबाळे_रेझिन

रबाळे एमआयडीसीत आमचं अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टर रेझिन आणि जेलकोटचं (फायबरग्लासच्या वरच्या थराचं रेझिन) छोटं युनिट आहे. ड्रमचा माल रोडने जातो, त्यात काही अडत नाही. आता दोन पार्ट्यांना सॅम्पल पाठवायचे आहेत, एक कोचीचं बोटी बांधणारं यार्ड आणि एक दुबईची पार्टी. दोघांनाही घाई आहे म्हणून विमानाने.

प्रत्येक पार्टीला जाणारा माल:
रेझिन, 500 मिलीच्या 4 बाटल्या
जेलकोट, 500 मिलीच्या 2 बाटल्या
हार्डनर एमईकेपी, 50 मिलीच्या 4 बाटल्या
दुबईच्या खोक्यात शिवाय एक टेम्परेचर लॉगर, आत 18650 चा एक सेल (3.7 व्होल्ट, 2600 एमएएच). क्युअरिंगच्या वेळी उष्णता किती चढते ते त्यांना नोंदवायचं आहे.

कुरिअरवाल्याने "लिक्विड केमिकल" वाचून खोकं परत केलं. दुसरा एजंट म्हणतो, लेटरहेडवर नॉन-हॅझचं पत्र द्या, एसडीएस (मालाचं सुरक्षा माहितीपत्रक) जोडा, पुढचं मी बघतो. आमच्या एसडीएसमध्ये चौदाव्या भागात एका ओळीत "वाहतुकीसाठी नियंत्रित नाही" असंही लिहिलंय. मग पत्र द्यायला काय हरकत आहे? आणि नीट नियमाने पाठवायचं तर नेमकं काय काय करावं लागतं?

सहार_डेस्क

पत्र देऊ नका. आधी हरकत काय ते सांगतो, मग रस्ता.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं. स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, 31 अंशांच्या आसपास. क्लोज्ड कपमध्ये, म्हणजे झाकलेल्या भांड्यातल्या चाचणीत, 60 अंश किंवा त्याखाली फ्लॅश पॉइंट असलेला द्रव हवाई वाहतुकीत क्लास 3, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. 23 ते 60 च्या मधला पॅकिंग ग्रुप (धोक्याची पायरी) तीन. 23 च्या खाली आणि उकळायला 35 अंशांच्या वर लागत असेल तर ग्रुप दोन. तुमचा माल यूएन 1866 (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), रेझिन सोल्यूशन, क्लास 3, ग्रुप तीन. जेलकोटही बहुधा त्याच नंबरात बसेल, पण दोन्हींचा फ्लॅश पॉइंट एसडीएसच्या नवव्या भागात बघून घ्या. तिथे आकडा नसेल किंवा नुसतं "60 पेक्षा कमी" लिहिलं असेल तर लॅबमधून काढून घ्या. ग्रुप अंदाजाने ठरवायचा नसतो.

आता ती एसडीएसमधली ओळ. ती बहुतेक रस्त्याची किंवा समुद्राची असणार. 23 अंशांच्या वरच्या घट्ट, चिकट द्रवांना युरोपातल्या रस्त्यांच्या आणि समुद्राच्या नियमांत 450 लिटरपर्यंतच्या भांड्यांसाठी सवलत आहे. विमानाच्या नियमांत ती सवलत नाही. चौदाव्या भागात रस्ता, समुद्र आणि हवाई अशा तीन वेगळ्या ओळी हव्यात. तुमच्या कागदावर एकच ओळ असेल तर तो कागद विमानासाठी अपुरा आहे. ज्याने एसडीएस बनवला त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.

आणि एमईकेपीला तर कुठल्याच मार्गाने नॉन-हॅझ म्हणता येत नाही. तो ऑरगॅनिक पेरॉक्साइड आहे, डिव्हिजन 5.2.

कागदावरचा एक शब्द काय करतो त्याचं उदाहरण म्हणजे व्हॅल्यूजेटची फ्लाइट 592. 11 मे 1996, मायामीहून सुटलेलं डीसी-9. पोटात ऑक्सिजन जनरेटरचे खोके होते, कागदावर ते "रिकामे" म्हणून गेले. ते रिकामे नव्हते. 110 माणसं गेली. पत्र देणारा एजंट सही तुमच्याच लेटरहेडवर घेतोय, हेही लक्षात घ्या. एअरवे बिलावर (विमानाच्या मालाची पावती) शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून नाव तुमचं, आणि माल काय आहे हे ठरवण्याची जबाबदारी शिपरचीच असते. आपल्याकडे यासाठी धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे 2003 चे नियम आहेत, ते डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) राबवतं, आणि ते आयसीएओच्या (संयुक्त राष्ट्रांची हवाई वाहतूक संस्था) टेक्निकल इन्स्ट्रक्शन्सना बांधलेले आहेत. रोजच्या कामात एअरलाइन आणि एजंट आयएटीएचं (एअरलाइन्सची संघटना) डीजीआर, म्हणजे धोकादायक मालाच्या नियमांचं पुस्तक वापरतात. ते दर वर्षी 1 जानेवारीला बदलतं. गेल्या वर्षीची प्रत उघडून बसू नका.

रेझिनसाठी तीन रस्ते आहेत.

पहिला, एक्सेप्टेड क्वांटिटी (अगदी थोडा माल, बहुतेक अटींतून सूट). यूएन 1866 ग्रुप तीनचा कोड ई1. आतली बाटली जास्तीत जास्त 30 मिली, एका खोक्यात एकूण 1 लिटर. शिपर्स डिक्लरेशन (पाठवणाऱ्याचं सही केलेलं घोषणापत्र) लागत नाही, खोक्यावर लाल तिरप्या रेघांच्या चौकटीचं 100 बाय 100 मिमीचं चिन्ह लावायचं आणि एअरवे बिलावर तसा उल्लेख खोक्यांच्या संख्येसह करायचा. कागद सगळ्यात कमी. पण जेल टाइम (घट्ट व्हायला लागणारा वेळ) बघायला पार्टी निदान 50-100 ग्रॅम घेणार, म्हणजे एका टेस्टला दोन ते चार बाटल्या. रंग आणि चिकटपणा दाखवायला हा रस्ता उत्तम, लॅमिनेट करून बघायला अपुरा.

दुसरा, लिमिटेड क्वांटिटी (मर्यादित माल, काही अटींतून सूट). पॅकिंग इन्स्ट्रक्शन वाय344. खोक्यात निव्वळ 10 लिटरपर्यंत, ढोबळ वजन 30 किलोपर्यंत. यूएन छापाचं (चाचणी होऊन मान्य झालेलं) खोकं लागत नाही, पण खोकं 1.2 मीटरवरून पडून टिकलं पाहिजे आणि 24 तास थप्पीचा भार सोसला पाहिजे. बरेच जण इथे फसतात: रस्त्यावर लिमिटेड क्वांटिटी म्हणजे जवळजवळ मोकळीक, विमानात मात्र डिक्लरेशनही लागतं आणि क्लास 3 चं लेबलही.

तिसरा, पूर्ण नियमाने. प्रवासी विमानात पॅकिंग इन्स्ट्रक्शन 355, एका खोक्यात 60 लिटरपर्यंत. फक्त मालवाहू विमानात 366, 220 लिटरपर्यंत. यूएन छापाचं खोकं लागतं.

तुमचा माल 3 लिटर आहे. तिसरा रस्ता घ्या. काही एअरलाइन्स लिमिटेड क्वांटिटी घेतच नाहीत, ऑपरेटर व्हेरिएशन म्हणून पुस्तकात तसं छापलेलं असतं. यूएन खोक्याचा जास्तीचा खर्च एका परत आलेल्या खेपेच्या भाड्यात निघून जातो.

टीटीसी_एक्स्पोर्ट

दुबईसाठी एवढे तुकडे कशाला करता? रेझिन आणि हार्डनर एकाच बाहेरच्या खोक्यात घाला. क्यू व्हॅल्यू (प्रत्येक माल भागिले त्याची खोक्यामागची मर्यादा, मग बेरीज) काढली की झालं: रेझिन 3 भागिले 60, हार्डनर 0.2 भागिले 5. बेरीज 0.09, वर नेऊन 0.1. एकपेक्षा कमी आहे. एक खोकं, एक डिक्लरेशन, भाडं एकदाच.

कोबाल्ट_सिक्स

गणित बरोबर आहे, पण क्यू व्हॅल्यूचा प्रश्न नंतरचा. त्याच्या आधीची अट अशी की गळती झाली तर ज्या वस्तू एकमेकांशी धोकादायक रीतीने भिडतील त्या एका बाहेरच्या खोक्यात ठेवायच्याच नाहीत. क्यू कितीही कमी येऊ दे.

इथे त्या भिडतात. तुमचं रेझिन प्री-ॲक्सिलरेटेड असेल, म्हणजे कोबाल्ट (जेल होण्याचा वेग वाढवणारा) आधीच घातलेलं असेल, तर टक्का-दीड टक्का एमईकेपी लागला की ते जेल व्हायला लागतं आणि तापतं. पातळ लॅमिनेटमध्ये ती उष्णता निघून जाते. खोक्याच्या तळाशी साचलेल्या जाड गोळ्यात जात नाही. ज्या उष्णतेची नोंद करायला लॉगर पाठवताय, ती तिथेच तयार होईल. रेझिन प्री-ॲक्सिलरेटेड नसेल आणि कोबाल्टची बाटली वेगळी द्यायचा विचार असेल तर ते आणखी वाईट. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकत्र आले की स्फोटक वेगाने विघटन होतं. ज्या शॉपमध्ये एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम चालतं तिथे हे भिंतीवर लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

पॉलिएस्टर रेझिन किट म्हणून एक वेगळा नंबर आहे, यूएन 3269. त्यात बेस आणि ॲक्टिव्हेटर एका खोक्यात चालतात, द्रव ॲक्टिव्हेटर आतल्या एका बाटलीत 125 मिलीपर्यंत. पण तिथेही गळतीत धोकादायक प्रतिक्रिया होऊ नये ही अट आहेच, म्हणजे मधलं पॅकिंग तसं बांधावं लागतं. किट नियमित विकणाऱ्या कंपनीला ते परवडतं. दोन सॅम्पलसाठी नाही.

हार्डनर वेगळा पाठवायचाच असेल तर आधी डबा फिरवून ॲक्टिव्ह ऑक्सिजनचा आकडा वाचा. एमईकेपीचं वर्गीकरण त्यावर ठरतं. 8.2 टक्क्यांपर्यंत असेल तर टाइप ई, यूएन 3107. 10 टक्क्यांपर्यंत टाइप डी, यूएन 3105. बाजारात 9 टक्क्यांच्या आसपासचा माल जास्त चालतो, तो यूएन 3105. 10 च्या वर गेलात तर टाइप बी, यूएन 3101, आणि तो प्रवासी आणि मालवाहू दोन्ही विमानांना बंद आहे. यूएन 3105 ला पॅकिंग इन्स्ट्रक्शन 570: प्रवासी विमानात खोक्यामागे 5 लिटर, मालवाहूत 10. एक्सेप्टेड क्वांटिटी नाही, सुट्या बाटल्यांना लिमिटेड क्वांटिटीही नाही. 5.2 च्या लेबलसोबत "उष्णतेपासून दूर ठेवा" हे हाताळणीचं लेबल सक्तीचं.

पण माझा खरा सल्ला: हार्डनर पाठवूच नका. 3 लिटर माल म्हणजे साधारण 3.3 किलो, दीड टक्क्याने 50 ग्रॅम एमईकेपी लागेल. तुम्ही 200 मिली पाठवताय. बोटी बांधणाऱ्या यार्डकडे एमईकेपी नसेल असं होणार नाही, आणि दुबईतही फायबरग्लासचं सामान विकणाऱ्याकडे तो मिळतोच. कुठल्या ॲक्टिव्ह ऑक्सिजनचा, किती टक्के, किती तापमानाला, एवढं टेक्निकल डेटा शीटवर लिहून द्या. एका ओळीने डिव्हिजन 5.2 ची अख्खी भानगड संपते.

टीटीसी_एक्स्पोर्ट

मान्य. मी दोन वेगळ्या क्लास 3 च्या मालाच्या हिशेबाने विचार करत होतो, तिथे क्यू चालतो. आणि रेझिन-जेलकोट दोन्ही यूएन 1866 ग्रुप तीन असतील तर क्यू काढायचीही गरज नाही, सगळे लिटर एकत्र मोजायचे.

महापे_पॅकिंग

खोक्याच्या बाजूचं सांगतो. सहारच्या (मुंबई विमानतळाच्या कार्गोच्या) काउंटरवरून परत येणाऱ्या खेपांत निम्मी भानगड इथे असते.

बाटली. रेझिनला ॲल्युमिनियमची स्क्रू झाकणाची बाटली किंवा जाड एचडीपीई. पत्र्याचा दाबून बसवायचा झाकणाचा डबा, आपल्या पेंटवाल्यांकडे मिळतो तो, क्लिपा मारल्याशिवाय वापरू नका. दाब बदलला की झाकण उडतं. ठाण्यात आपण समुद्रसपाटीला, 101 किलोपास्कलला झाकण लावतो. विमान वर गेल्यावर पोटातला दाब 75 च्या आसपास असतो, आणि काही बिघडलं तर अजून खाली जाईल. म्हणून नियम सांगतो की आतल्या भांड्याने क्लास 3 ग्रुप तीनच्या द्रवासाठी 75 किलोपास्कल आतला दाब न गळता सोसला पाहिजे. ग्रुप दोनसाठी 95. बाटलीवाल्याकडून हे लेखी घ्या, नाहीतर टेस्ट करून घ्या. नुसतं "लीकप्रूफ आहे साहेब" चालत नाही.

भरताना 500 च्या बाटलीत 450 भरा. नियमाप्रमाणे 55 अंशांना द्रव फुगून बाटली पूर्ण भरता कामा नये. मे महिन्यात बंद टेम्पोत ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलला तासभर काढला की तापमान कुठे जातं ते रबाळेवाल्यांना सांगायला नको.

झाकण. आत वॉशर किंवा इंडक्शन सील, नीट पिळून बंद, आणि त्यावर दुसरी पकड हवीच: झाकण आणि मान मिळून टेप किंवा श्रिंक स्लीव्ह. थरथरीने झाकण सैल होतं, टेप त्यासाठी. झाकण बंद होताना फिरतं त्या दिशेने टेप ओढून लावा. उलट लावला तर तो झाकण उघडायलाच मदत करतो.

मग प्रत्येक बाटली जाड पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवी बंद. बाहेर शोषक आणि गादी.

इथे एक मोठी गोष्ट. थर्माकोल वापरू नका. स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. एक बाटली पाझरली की गादीच नाहीशी होते, बाकीच्या पाच बाटल्या एकमेकींवर आपटतात आणि खोक्याच्या तळाशी चिकट लगदा होतो. लाकडाचा भुसा आणि वर्तमानपत्राचे बोळेही नकोत, शोषलं तरी ते जळणारंच. 3 नोव्हेंबर 1973 ला पॅन ॲमचं बोइंग 707 मालवाहू बोस्टनला उतरताना कोसळलं, तिघे कर्मचारी गेले. तपासात सगळ्यात संभाव्य कारण निघालं ते नायट्रिक ॲसिडच्या गळक्या बाटल्यांचं. त्या भुशात बांधल्या होत्या, ॲसिड भुशात गेलं आणि धूर कॉकपिटपर्यंत पोचला. तुमच्या मालात ॲसिड नाही, पण शोषक मालाला सोसणारा हवा हे तत्त्व तेच. व्हर्मिक्युलाइट (न जळणारं खनिज शोषक) घ्या. बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे किंवा पॉलिथिन फोम.

बाहेरचं खोकं. यूएन छाप वाचायला शिका, त्याशिवाय दुकानदार काहीही गळ्यात मारेल. समजा छाप आहे: 4जी / वाय 12.5 / एस / 25 / आयएनडी / पुढे बनवणाऱ्याचा कोड. 4जी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. वाय म्हणजे ग्रुप दोन आणि तीनला चालेल. एक्स असेल तर तिन्ही ग्रुपला, झेड असेल तर फक्त तीनला. 12.5 हे भरलेल्या खोक्याचं कमाल वजन किलोत, व्हर्मिक्युलाइट धरून. एस म्हणजे घन माल किंवा आत बाटल्या असलेलं पॅकिंग. 25 बनवल्याचं वर्ष. आपल्याकडे या टेस्ट इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते, अंधेरीला. खोक्यासोबत टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा आणि ती वाचा: आत कुठल्या बाटल्या, किती, कुठला टेप, किती रुंदीचा, कसा लावायचा. छाप त्या जोडणीला मिळालेला असतो. सर्टिफिकेटमधल्या बाटलीऐवजी तुम्ही दुसरं काही घातलंत किंवा 72 मिमीच्या जागी 48 मिमीचा टेप मारलात तर खोकं चांगलं असून छाप निरर्थक.

आणि पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, जून ते सप्टेंबर तर हमखास. ओला पुठ्ठा थप्पीत बसतो. खोकी फॅक्टरीत जमिनीवर नको, पॅलेटवर, आणि टेम्पोत ताडपत्रीखाली. लेबलं कागदी इंकजेटवर छापून वर सेलोटेप मारू नका. एकदा भिजलं की लाल रंग गुलाबी होऊन वाहतो आणि काउंटरवर "लेबल अस्पष्ट" म्हणून माल थांबतो. विनाइलचं तयार लेबल घ्या.

रबाळे_रेझिन

हार्डनर काढून टाकतो, पटलं. जेलकोटचा फ्लॅश पॉइंट एसडीएसमध्ये 32 आहे, म्हणजे दोन्ही यूएन 1866 ग्रुप तीन. प्रत्येक पार्टीला 3 लिटर, एक खोकं.

आता कागद. डिक्लरेशन आम्हीच भरायचं की एजंटने? सही मी केली तर चालेल का? माझं डीजीचं (धोकादायक मालाचं) काही ट्रेनिंग झालेलं नाही. आणि खोक्यावर बाहेरून नेमकं काय काय?

सहार_डेस्क

सही करणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं आणि मुदतीत असलेलं हवं. मुदत 24 महिन्यांची. 1 जानेवारी 2023 पासून हे प्रशिक्षण तुमच्या कामाप्रमाणे ठरतं: वर्गीकरण करणारा, पॅक करणारा, कागद भरणारा, प्रत्येकाला आपापल्या कामापुरतं. डीजीसीएने मान्य केलेल्या संस्थेतून करा. वर्षाला पाच-सहा खेपा जाणार असतील तर तुमच्याकडच्या एकाला पाठवणं स्वस्त पडेल. तोपर्यंत प्रशिक्षित पॅकर-एजंट घ्या, पण वर्गीकरणाचा आधार, म्हणजे एसडीएस आणि फ्लॅश पॉइंटचा रिपोर्ट, तुमचाच. तो चुकला तर एजंटच्या मागे लपता येत नाही.

डिक्लरेशनचा फॉर्म इंग्रजीत, डाव्या-उजव्या कडेला लाल तिरप्या रेघा. या रेघा लालच हव्यात, काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर माल घेत नाहीत. सही केलेल्या दोन प्रती एअरलाइनला, आणि एक प्रत निदान तीन महिने तुमच्या फायलीत.

मुख्य ओळीत क्रम ठरलेला आहे: यूएन 1866, मग रेझिन सोल्यूशन, मग क्लास 3, मग ग्रुप तीन रोमन आकड्यात, मग "1 फायबरबोर्ड बॉक्स × 3 लिटर", मग 355. तिथे 3 लिटर म्हणजे निव्वळ माल, खोक्याचं वजन नाही. बाटल्यांत 450 च भरलंत तर 2.7 लिटर लिहा. 500 ची बाटली म्हणून 3 लिहून मोकळं होऊ नका. प्रवासी विमान की फक्त मालवाहू, त्यातला जो लागू नाही तो खोडायचा. दोन्ही तसेच राहिले की परत. खाडाखोड झाली तर त्या जागी तीच सही, जी खाली केली आहे. आद्याक्षरं मारून चालत नाही.

मालाचं नाव पुस्तकात आहे तसंच. "पॉलिएस्टर रेझिन सॅम्पल फॉर बोट" असं लिहू नका, ब्रँडही नको. पुढे कधी यूएन 1993 सारख्या "अन्यत्र न नमूद" नावाखाली काही पाठवलंत तर पुढे कंसात रासायनिक नाव लागतं. ते विसरणं हे नकाराचं फार नेहमीचं कारण.

एअरवे बिलावर हाताळणीच्या रकान्यात धोकादायक माल सोबतच्या डिक्लरेशनप्रमाणे आहे, असा ठरलेला इंग्रजी मजकूर येतो. तो एजंट टाकतो. तुम्ही वाचून घ्या.

खोक्यावर: यूएन नंबर आणि मालाचं नाव, तुमचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, क्लास 3 चा ज्वाळेचा चौकोन निदान 100 बाय 100 मिमी, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर वर-दाखवणारे बाण. दोन्ही बाजूंवर, एकीवर नव्हे. लेबल खोक्याच्या कडेवरून वळवू नका. जागा पुरत नसेल तर मोठं खोकं घ्या. जुनं खोकं वापरत असाल तर आधीची सगळी लेबलं आणि पत्ते काढा, नुसती काट मारून नाही. वरून पारदर्शक फिल्म गुंडाळली आणि सगळं वाचता येत असेल तर ठीक. काळी किंवा दुधी फिल्म असेल तर बाहेर "ओव्हरपॅक" आणि सगळ्या खुणा पुन्हा.

काउंटरवर चेकलिस्ट लावून तपासतात. एक खूण चुकली तरी अख्खी खेप परत येते, अर्धवट स्वीकारत नाहीत. म्हणून माल टेम्पोत चढवायच्या आधी डिक्लरेशनचा आणि चारही बाजूंनी खोक्याचा फोटो एजंटला पाठवा. ऐरोली, मुलुंड, पवई करत सहारला जाऊन परत येण्यापेक्षा ते बरं.

बुकिंगच्या आधी एअरलाइनचं नाव घेऊन ऑपरेटर व्हेरिएशन तपासायला सांगा. उलव्याचा नवीन विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला, रबाळेहून तोही सोयीचा दिसतो; पण तुमची एअरलाइन तिथून डीजी माल उचलते का हे विचारूनच टेम्पो तिकडे वळवा.

वागळे_इस्टेट_32

लॉगरचं राहिलं.

3.7 गुणिले 2.6 म्हणजे 9.62 वॉट-अवर. सेलची मर्यादा 20, त्यात तुम्ही आरामात. सेल उपकरणात बसवलेला आहे, म्हणजे यूएन 3481, पॅकिंग इन्स्ट्रक्शन 967, सेक्शन दोन. एका खोक्यात उपकरणांत बसवलेले चारपेक्षा जास्त सेल नाहीत आणि खेपेत दोनपेक्षा जास्त खोकी नाहीत, तर बॅटरीचं चिन्हही लागत नाही. तुम्ही या सवलतीत बसता.

दोन अटी मात्र पाळा. लॉगर बंद करा आणि वाटेत आपोआप चालू होणार नाही असं बघा. दाबायचं बटण असेल तर त्यावर पुठ्ठ्याची टोपी. आणि सेलची यूएन 38.3 टेस्ट समरी (सुरक्षा चाचण्यांचा सारांश) उत्पादकाकडून मागवून ठेवा. ती 1 जानेवारी 2020 पासून द्यायला लागते. मूळ सेल काढून लॅमिंग्टन रोडवरचा सुटा सेल घातला असेल तर त्याला ती मिळणार नाही, आणि मग वॉट-अवर कितीही कमी असो, तो लॉगर जात नाही.

राखीव सेल सोबत टाकायचा मोह टाळा. तो आला की पॅकिंग इन्स्ट्रक्शन 966 लागतं, चारच्या आतली सवलत जाते, बॅटरीचं चिन्ह लावावं लागतं, आणि 1 जानेवारी 2026 पासून असा सेल 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. नुसताच सेल वेगळ्या खोक्यात पाठवायचा म्हणाल तर तो यूएन 3480, प्रवासी विमानाला 1 एप्रिल 2016 पासून बंद.

लॉगर रेझिनच्या खोक्यात नको. वेगळं छोटं खोकं करा. रेझिनच्या कागदात काही अडलं तरी निदान तो पुढे जाईल.

कोबाल्ट_सिक्स

कोचीच्या पार्टीला एकदा फोन करून विचारा, घाई किती दिवसांची आहे. तुमचा ड्रमचा माल घेऊन केरळकडे गाड्या जातातच. तीच गाडी चार-पाच दिवसांत पोचवत असेल तर 3 लिटर तिच्यात घाला, सोबत ट्रेमकार्ड (ड्रायव्हरसाठी आपत्कालीन सूचनांचं कार्ड) आणि नेहमीचे मोटार वाहन नियमाचे कागद. विमानाचं पॅकिंग तिथे लागत नाही, पण महापेवाल्यांनी सांगितलेलं थर्माकोलचं रोडलाही तितकंच खरं आहे. मग विमानाच्या नियमाचं एकच खोकं उरतं, दुबईचं.

रबाळे_रेझिन

कोची म्हणतं, पुढच्या आठवड्यापर्यंत चालेल. ते गाडीने. दुबईसाठी 4जी खोकं, ॲल्युमिनियमच्या सहा बाटल्या आणि व्हर्मिक्युलाइट सांगितलंय. लॉगर वेगळा. एसडीएसचा चौदावा भाग तिन्ही मार्गांचा करून मागितला आहे, तो आला की डिक्लरेशनचा मसुदा इथे टाकतो, पत्ते झाकून.

सहार_डेस्क

टाका. फ्लॅश पॉइंटच्या रिपोर्टवर क्लोज्ड कप लिहिलंय ना ते बघा. ओपन कपचा आकडा बहुतेक जास्त येतो, आणि एसडीएसमध्ये कप कुठला ते लिहिलेलं नसेल तर 32 वर विसंबू नका.